रविवारची फणी

लाल्या पडला त्या वर्षी ममताच्या दोन एकरातली कपाशी दिवाळीलाच संपली. पानं लाल झाली, बोंडं बोराएवढीच राहिली, आणि जी उकलली त्यांतही अर्धी किडकी कवडीच निघाली. नवरा संघदीप दिग्रसला जिनिंगवर कामाला गेला. पंधरा दिवसांतून एकदा यायचा. ममता मग किसनरावांच्या ओलिताच्या वावरात वेचायला जाऊ लागली. पहाटे भाकरी टाकायची, दोन्ही पोरींच्या वाटणीची झाकून ठेवायची आणि उजाडता उजाडता ओटी बांधून निघायचं. दंव असेपर्यंत पाल्याचा चुरा कापसाला चिकटत नाही, म्हणून किसनरावांना बाया लवकर लागत.

थोरली मैत्रेयी तिसरीत होती. स्वतःची वेणी ती स्वतःच घालायची, धाकट्या सुजाताचीही तीच घालायची. एकच कंगवा, एकच वाकळ, आणि वाकळीत तिघी मायलेकी एकमेकींना बिलगून. थंडी अशी पडली होती की डोकं बाहेर काढवत नव्हतं.

महिनाभर ममताचं डोकं खाजत होतं. कापसाची धूळ असेल, असं तिला वाटलं. ओटीत कापूस टाकता टाकता मनगटानं डोकं घासायची आणि पुढच्या झाडाला हात घालायची.

त्या दिवशी दुपारी मैत्रेयी दप्तरासकट धुऱ्यानं चालत वावरात आली.

"काहून आली वं? शाळा सुटली?"

मैत्रेयीनं वहीचा फाडलेला कागद पुढे केला. ममता सातवीपर्यंत शिकलेली. तिनं उभ्यानंच वाचलं. 'मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत. केस कापल्याशिवाय शाळेत पाठवू नये.' खाली घनश्याम सरांची सही.

"वर्गात सांगतलं का सरांनं? साऱ्यांसमोर?"

"हो. मले अन् पुष्पाले दाराजवळ पोत्यावर बसवलं. सकाळपासून."

"खिचडी?"

"तठीच आनून देल्ली."

ममताचा हात झाडावरच थांबला. तिचा सासरा याच शाळेच्या दारात पोत्यावर बसून बाराखडी शिकला होता. मरेपर्यंत ते सांगत राहिला. सांगताना हसायचा, पण ते पोतं विसरला नव्हता.

शेजारच्या तासातून, झाडांच्या ओळीतून, मथुराबाई डोकावली. साठीची बाई, पण हात अजून सगळ्यांत चपळ.

"पुष्पा म्हंजे तांड्याची नं? रुपीबाईची? मंग झालं. तिथूनच आल्या असतीन."

"पाहू दे." ममता धुऱ्यावर बसली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. उन्हात केस फाकले. कानामागे, मानेच्या खळगीत पांढऱ्या लिखा केसांना चिकटून बसल्या होत्या. नखानं ओढल्या तरी निघेनात. आणि एक करडी ऊ भांगातून सरसर पळाली.

"झाकनभर फवारनीचं औषध टाक खोबरेल तेलात," मथुराबाई म्हणाली. "एका रातीत साफ. माह्या बहिनीनं तसंच केलतं."

"त्या औषधानं अळी नाही मेली मावशी, ऊ काय मरन?" ममता म्हणाली. "अन् ते बाटली मी घरात ठेवत नाही."

बांधावरच्या बाभळीखालून किसनराव ओरडले, "ओ ममता! कापूस वेचाले आली का पोट्टी चिवडाले?"

ममता उठली. मैत्रेयीला तिनं सावलीत बसवलं आणि पुन्हा तासाला लागली. पण तिचं लक्ष बोटांत नव्हतं. बोंडाच्या काट्यांनी दोन नखांच्या कडा फाटल्या, तेही तिला संध्याकाळी कळलं.

कापूस मोजून दिला आणि ती घरी न जाता सरळ तांड्याकडे निघाली. तुझ्या पोरीला माझ्या पोरीजवळ बसू देऊ नको, एवढंच रुपीबाईला सांगायचं होतं. मैत्रेयी मागे मागे येत होती.

"माय, पुष्पाले बोलू नको. तिच्या आंधी माह्यंच डोकं खाजत होतं."

"गुमान चाल."

नाला उतरून वर गेलं की तांडा. रुपीबाईचं घर दुसरंच. अंगणात पाय टाकताच ममताला तो वास आला. खोबरेल तेलाखाली दडलेला, घशाला लागणारा. गेल्या भादव्यात संघदीप फवारता फवारता पंपासकट तासात पडला होता. तेव्हा त्याच्या सदऱ्याला हाच वास होता.

पुष्पा ओट्यावर बसली होती. डोक्याला जुन्या लुगड्याचा तुकडा घट्ट बांधलेला. तोंडातून लाळ गळत होती. ती पुसत होती, पुन्हा गळत होती.

"याडी, मळमळते," ती आईला म्हणाली.

रुपीबाई चुलीपाशी होती. नवरा नेमसिंग दाराला टेकून उभा.

"काय लावलं हिच्या डोक्याले?" ममतानं विचारलं.

"तेल."

"तेलात काय?"

रुपीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नेमसिंग म्हणाला, "झाकनभर. जास्त नाही. गुरुजीची चिठ्ठी आली, केस कापा म्हनून. पोरीचे केस कापले तं उद्या लग्नात केसांतली घुगरी कशाले बांधावं? म्हटलं, केस राह्यले तं बरं."

ममतानं पोरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. संघदीपच्याही तशाच झाल्या होत्या. डॉक्टरनं तेव्हा टॉर्च मारून तिला दाखवलं होतं.

"पानी काढ," ती म्हणाली. "आहे तितकं सारं काढ. साबन आन. अन् हे कापड तू हातानं सोडू नको, पिशवी गुंडाळून सोड. हे इख हाय, रुपीबाई."

रागात अंगणात शिरलेली बाई असं बोलते म्हटल्यावर रुपीबाई घागरींकडे धावली. तांड्याला पाणी नाल्यापलीकडच्या हापशीवरून डोक्यावर यायचं. घरात चार घागरी भरलेल्या होत्या, त्या चारही अंगणात आल्या. ममतानं पोरीचे कपडे उतरवले, डोळे मिटायला सांगितले, मान मागे केली आणि कपडे धुवायचा साबण डोक्यावर चोळला. पाणी मागच्या बाजूनं गेलं पाहिजे, तोंडावरून नाही. एकदा धुतलं, दुसऱ्यांदा धुतलं. तेल सुटेना. पोरगी कुडकुडत होती, मधेच ओकली. घागरी संपल्या तशा शेजारच्या बाया आपापल्या घागरी घेऊन आल्या. कुणी ओतताना काचकूच केली नाही.

"तुहे हात धू," ममता रुपीबाईला म्हणाली. "कोपरापर्यंत. नेमसिंगभाऊ, फुलचंदची काळीपिवळी फाट्यावर उभी असंन. पळा. अन् बाटली संग घ्या, डॉक्टरले दाखवाले."

फुलचंदच्या जीपमध्ये महागावचे दोन प्रवासी बसले होते. पोरीला पाहून ते स्वतःच उतरले. ममता मागच्या सीटवर बसली, पुष्पाला कुशीवर धरून, लाळ बाहेर गळावी म्हणून तोंड खाली करून. मैत्रेयीला तिनं सुजाताला घेऊन शेजारणीकडे राहायला पाठवलं होतं. रस्ताभर रुपीबाई एकच विचारत होती.

"हे वाचंन नं?"

"वाचंन," ममता म्हणत होती. "माह्या घरचा वाचला. याच्यापेक्षा लई बेकार होता."

महागावच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. बाटली पाहताच तिनं बोलणं थांबवलं आणि सुई हातात घेतली. इंजेक्शनावर इंजेक्शन दिलं. नर्सनं कात्री आणून पोरीचे केस मानेपर्यंत कापले आणि पुन्हा धुतले. नेमसिंग बाहेर भिंतीला डोकं लावून उभा राहिला. केस खाली पडले ते त्यानं दारातून पाहिले, पण आत आला नाही.

सकाळी पुष्पाची लाळ थांबली होती. तोंड कोरडं पडलं होतं. तिनं पाणी मागितलं, मग चहा मागितला, मग विचारलं, "माहे केस कुठी हायेत?" तेव्हा रुपीबाई पहिल्यांदा रडली.

डॉक्टरीण स्टूल ओढून दोघींसमोर बसली. रागावली होती, पण आवाज चढवला नाही.

"घरी धुतलं नसतं तर अवघड होतं. कोणी सांगितलं धुवायला?"

रुपीबाईनं ममताकडे बोट केलं.

"आणि उवांसाठी हे लावायचं कोणाच्या डोक्यातून आलं?"

"सारेच लावतात," रुपीबाई म्हणाली. "आमी घानेरडे, म्हनून उवा झाल्या म्हनते गुरुजी."

"घाणीनं होत नाहीत उवा. धुतलेल्या केसांतही होतात. उवेला पंख नाहीत, तिला उडी मारता येत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती या केसावरून त्या केसावर चालत जाते. एवढंच." तिनं ममताकडे पाहिलं. "तुम्हीही खाजवताय मघापासून. या इकडे." आणि केस फाकून म्हणाली, "आहेत."

ममताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काल याच डोक्यानं ती तांड्यात भांडायला गेली होती.

"शाळेत पोरी कशा बसतात?" डॉक्टरिणीनं विचारलं.

ममतानं आठवून पाहिलं. यंदा पुस्तकं कमी आली होती. मैत्रेयी सांगायची, एका पुस्तकात चौघी वाचतो म्हणून. चार डोकी एका पानावर.

"मंग औषध?"

"फणी. दाट दातांची. केस ओले करायचे, तेल लावायचं आणि मुळापासून टोकापर्यंत ओढायची. दर तिसऱ्या दिवशी, तीन आठवडे. मधे सोडलं तर लिखा फुटतात आणि पुन्हा सुरू. आणि एकीचं करून उपयोग नाही. घरातल्यांचं, वर्गातल्यांचं, सगळ्यांचं एकदम." ती उठली. "औषधापेक्षा फणी खात्रीची. पण वेळ लागतो."

"वेळच नाही नं बाई," रुपीबाई म्हणाली.

सोमवारी दोघी शाळेत गेल्या. दोन शिक्षकांची शाळा. एक मास्तर प्रशिक्षणाला गेलेला, घनश्याम सर चारही वर्ग एकटेच सांभाळत होते. फळ्यावर पाढे लिहून ते दारात आले.

"केस कापले का?"

"पुष्पाचे कापले," ममता म्हणाली. "महागावच्या दवाखान्यात."

तिनं झालं ते सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वाढवता. सरांच्या बोटांतला खडू तसाच राहिला.

"मी फक्त केस कापायला सांगितलं होतं, बाई. साथ पसरू नये म्हणून."

"तुमी चिठ्ठी देल्ली. नेमसिंगभाऊले वाचता येत नाही. दुकानावर कोनी तरी वाचून देल्ली, अन् इलाजबी दुकानावरच सांगतला." ममता थांबली. "अन् माही पोट्टी पोत्यावर बसून जेवली, सर. ते मी विसरत नाही. ते तुमी बंद करा, मंग बाकीचं बोलू."

सर आत गेले. दाराजवळचं पोतं त्यांनी स्वतः उचललं, झटकलं आणि कपाटामागे टाकलं.

"बाकीचं काय?" त्यांनी विचारलं.

"साऱ्या पोट्ट्यांचे डोकी पाहू. आज. उन्हात."

अंगणवाडीच्या बेबीताईंना बोलावणं गेलं. त्या वही घेऊन आल्या. व्हरांड्यात तिघी जणी बसल्या आणि एकेक पोरगी समोर येऊन बसू लागली. बौद्धवाड्यातल्या, तांड्यातल्या, गावातल्या. सत्तावीस पोरी. पाच-सहा जणींचं पाहून झाल्यावर सर खुर्ची सोडून जवळ येऊन उभे राहिले. सत्तावीसपैकी बावीस जणींच्या डोक्यात उवा नाहीतर लिखा होत्या. पोरांचीही पाहिली. केस बारीक होते त्यांना नव्हत्या, ज्यांच्या बहिणी होत्या त्यांतल्या चौघांना होत्या.

प्राजक्ता ही किसनरावांची नात. पांढरी रिबीन, चकचकीत तेल, दोन घट्ट वेण्या. तिच्याकडे स्वतःचं नवं पुस्तक होतं, म्हणून सगळ्या पोरी तिच्याभोवती जमायच्या. ममतानं वेणीच्या मुळाशी बोट घातलं. इतक्या उवा तिनं सकाळपासून कुणाच्याच डोक्यात पाहिल्या नव्हत्या.

मथुराबाई असती तर ओरडली असती. रुपीबाईनं वाकून पाहिलं आणि ममताकडे पाहत राहिली. ममताच्या जिभेवर शब्द आला होता. तिला पोतं आठवलं, मग ती समोरची पोरगी दिसली. मान आखडून, श्वास धरून बसलेली.

"झालं, बाळा. जा," ती म्हणाली. बेबीताईंना तिनं फक्त मान हलवून खूण केली. वहीत रेघ पडली, नाव मोठ्यानं घेतलं गेलं नाही.

त्याच आठवड्यात सर केंद्रशाळेत जाऊन भांडून नऊ पुस्तकं घेऊन आले. सायकलच्या कॅरिअरला बांधून. आता एका पुस्तकात दोघी. फण्यांचं बेबीताईंनी केलं, बाजारातून आठ लाकडी फण्या आणल्या. फण्या गरम पाण्यात कशा बुडवायच्या ते त्या घरोघर सांगून आल्या. पण वेळेचं काय, हे कुणाला सुचत नव्हतं. उजाडलं की वावर, अंधारलं की चूल. दिव्याच्या उजेडात लीख दिसत नाही.

वावरात तासाला लागल्या असताना ममतानंच विषय काढला.

"रविवारी सकाळी दोन-तीन तास उशिरा येऊ. साऱ्याजनी. पोट्ट्या शाळेच्या अंगनात आनाच्या."

"किसनराव येऊ देईन का दुसऱ्या दिवशी कामाले?" कुणीतरी विचारलं.

"वेचाले हात कोनाचे हायेत?" ममता म्हणाली. "त्याहिचे का आपले?"

मथुराबाई ओटी रिकामी करत होती. औषधाचं तिनं सुचवलं होतं हे तिच्या लक्षात होतं. पुष्पाचं ऐकल्यापासून ती कमी बोलायची. "मी येतो," ती म्हणाली. "माह्या घरात पोट्टी नाही. पन माह्ये डोळे अजून चांगले हायेत."

पहिल्या रविवारी चौदा बाया आल्या, दुसऱ्या रविवारी एकवीस. आठवड्याच्या मधल्या दिवशी शाळा भरण्याआधी बेबीताई आणि मथुराबाई दोघी फणी फिरवत; प्राजक्ता मात्र त्यांत कधी आली नाही. ममतानं स्वतःचं डोकं रुपीबाईच्या मांडीवर दिलं. रुपीबाईचा हात जड होता, फणी ओढली की डोळ्यांत पाणी यायचं.

"हळू वं."

"हळू केलं तं निंगत नाही," रुपीबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तिसऱ्या रविवारी आभाळ भरून आलं. सकाळी आठला किसनरावांची मोटरसायकल शाळेच्या फाटकाशी थांबली. मागे प्राजक्ता बसलेली, तिला मामाकडे सोडायला निघाले होते. अंगणात बाया ओळीनं बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे एक पोरगी, पांढऱ्या कापडावर फण्या झटकल्या जात होत्या.

"हे काय लावलं तुमी?" ते गाडीवरूनच बोलले. "तिकडे बोंडं फुटून लोंबून राह्यले. पानी आलं तं सारा कापूस मातीत जाते. चला, उठा!"

कुणी उठलं नाही. बाया ममताकडे पाहू लागल्या. ममताच्या मांडीपुढे सुजाता होती, अर्धं डोकं झालेलं.

"दहाले येतो, किसनराव," ती फणी न थांबवता म्हणाली. "मागच्या दोन रविवारी आलो, तसंच. अन् अंधार पडेपर्यंत वेचतो. कामात मागं राहात नाही आमी."

"मी दुसऱ्या गावाच्या बाया आनतो!"

"आना. पन त्याहिच्या घरीबी पोट्ट्या असतीन."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. किसनरावांनी मान वळवली तसं ते थांबलं. त्यांना माहीत होतं, या दिवसांत दहा कोसांत रिकामी बाई मिळणार नाही. ममतालाही माहीत होतं. आणखी एक गोष्ट तिला माहीत होती, जी किसनरावांना नव्हती. रुपीबाईनं तिच्याकडे पाहिलं. सांगून टाक, असं त्या नजरेत होतं. ममतानं नाही म्हणून मान हलवली आणि सुजाताच्या केसांत पुन्हा फणी घातली.

तेवढ्यात प्राजक्ता गाडीवरून उतरली. फाटक ढकलून अंगणात आली. ओळीत जागा शोधली. ममतापुढे सुजाता होती, मथुराबाईपुढे दोघी थांबल्या होत्या. पुष्पाचे केस अजून मानेपर्यंतच होते, तिचं नुकतंच झालं होतं आणि रुपीबाईची मांडी रिकामी होती. प्राजक्ता तिथं जाऊन बसली, पाठ करून, आणि स्वतःच रिबिनी सोडायला लागली.

"ए प्राजू!" किसनराव ओरडले. "तिथं कायले बसली? चाल, उठ!"

"आबा, माह्या बी डोक्यात हायेत," प्राजक्ता म्हणाली. मागे न पाहता. "लई दिवसांपासून. आजी तेलच लावत राहाते."

किसनरावांचा हात गाडीच्या चावीवर होता. त्यांनी अंगणातल्या सगळ्या बायांकडे पाहिलं. त्यांच्या वावरात रोज वाकणाऱ्या त्या बाया खाली पाहून आपापलं काम करत होत्या. कुणी एकमेकींना कोपर मारलं नाही. रुपीबाईनं वाटीतलं पाणी प्राजक्ताच्या केसांवर शिंपडलं, भांग पाडला आणि पहिली फणी ओढली. कापडावर झटकली. मग दुसरी.

किसनरावांनी गाडी बंद केली. ती स्टँडवर लावून म्हणाले, "किती वेळ लागते?"

"केस लांब हायेत मालक," रुपीबाई म्हणाली. "बसा."

शाळेची पायरी रिकामी होती. त्यांनी ती धोतराच्या सोग्यानं झटकली आणि बसले.